हृदयातलं भगंदर

शिरवणे गावाकडून बस वळायची तिथे एक लांबलचक भिंत होती. तिच्यावर पिवळा रंग फासून लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: मूळव्याध, फिशर, फिस्टुला म्हणजेच भगंदर, बिना ऑपरेशन हमखास इलाज. खाली एक बाण आणि बाणाच्या खाली पानाच्या पिंका. नव्वदच्या आसपास आम्ही नेरूळला राहायला आलो, तेव्हापासून मी ती भिंत सकाळी ऑफिसला जाताना आणि संध्याकाळी परत येताना वाचत आले. वाचायची नसली तरी डोळे जायचेच. आमच्या अख्ख्या सोसायटीचं डॉक्टरकीचं शिक्षण त्या भिंतीवर झालं, आणि त्या शिक्षणानं माझी काय वाट लावली ते सांगते. मला आजही त्या सगळ्याची किळस येते. मी कुणाला माफबिफ केलेलं नाही.

मी तेव्हा बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होते. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला धाप लागायची. मग मी चपलेचा पट्टा लावायचं नाटक करून पायरीवर टेकायची. लोकांना वाटायचं या पोरीच्या चपला सारख्या तुटतात. आई म्हणायची, अंगात रक्त नाही, बीट खा. मी बीट खात होते.

माझं लग्न ठरलं होतं. ते जमवलं पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी. काकूंकडे बिल्डिंगमधला एकुलता एक फोन होता. सगळ्यांचे निरोप त्यांच्याकडे यायचे. आपण फोनवर बोलायला गेलो की त्या हातात लसूण घेऊन शेजारीच उभ्या राहायच्या, पण सोलत काही नसायच्या. मुलगा वाशीचा, त्यांच्या ओळखीतल्या बाईंचा. बँकेत होता. साखरपुडा झाल्यावर तो ऑफिस सुटल्यावर बेलापूरला यायचा आणि आम्ही स्टेशनबाहेर चहा प्यायचो. चारचौघांत मी त्याला ‘तुम्ही’ म्हणायची, चहाच्या टपरीवर ‘तू’. मला तो आवडला होता. हे लग्न मला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. आता ते सांगायला जिवावर येतं, पण खरं ते खरं.

नोकरीत कायम करण्याआधी आमची मेडिकल झाली. तिथल्या डॉक्टरांनी नळी छातीला लावली ती उचलेचनात. मग इथून तिथे, या तपासणीतून त्या तपासणीत असं करत आम्ही मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पोचलो. तिथले हृदयाचे डॉक्टर मराठी होते, समजावून सांगणारे. म्हणाले, हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं, ते देणाऱ्या वेगळ्या नळ्या असतात. तुझ्या एका नळीला जन्मापासून एक जादा फाटा आहे, आणि तो फाटा हृदयाच्याच एका कप्प्यात उघडतो. रक्त जिथे जायला हवं तिथे न जाता मधेच निसटतं. “मेन लाइनला लोक चोरून नळ जोडतात ना, तसं समज. म्हणून तुला धाप लागते. याला कॉरोनरी फिस्टुला म्हणतात.”

मग त्यांनी माझाच तळवा माझ्या छातीवर ठेवला. “लागतंय हाताला? घरघर?”

लागत होती. नेहमीच लागायची. मला वाटायचं सगळ्यांनाच लागते. आईनं मात्र मान फिरवली. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, “तान्ही असताना तुला थोपटायची ना, तेव्हा हाताला लागायचं गो. मांजराचं पिल्लू घुरघुरतं तसं. आम्ही हसायचो.” माझी आई रत्नागिरीकडची, घाबरली की तिचं ‘गो’ वाढतं. त्या दिवशी प्रत्येक वाक्यात होतं.

डॉक्टरांचं म्हणणं होतं, छाती उघडायची गरज नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक लांब बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्यातून स्प्रिंगसारखी तार त्या फाट्यात सोडायची. तार आत गेली की आपोआप वेटोळं घालते, तिच्यावर रक्त गोठतं आणि फाटा बुजतो. नाही बुजवला तर आज ना उद्या हृदय थकणार. बाळंतपणात तर जास्तच. आईनं एवढंच विचारलं, “लग्नाच्या आत होईल ना?” डॉक्टर म्हणाले, बेड रिकामा झाला की फोन करू. आम्ही नंबर दिला. कोणाचा देणार? काकूंचा.

इथेच सगळा घोळ झाला. फोन आला तेव्हा आम्ही कुणीच घरी नव्हतो. हॉस्पिटलातली बाई काकूंना म्हणाली, फिस्टुलाच्या पेशंटला सांगा, बेड मिळालाय, सोमवारी या. काकूंनी फोन ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती भिंत उभी राहिली. लाल अक्षरांत. म्हणजेच भगंदर.

संध्याकाळी मी जिन्यात शिरले तर काकू दारातच. आवाज इतका खाली की तिसऱ्या मजल्यावर सहज ऐकू जावा. “अगं बाई, बसायला त्रास होतो होय तुला? म्हणून पायरीवर अशी तिरकी टेकायचीस! मला मेलीला कळलंच नाही.”

मला आधी काही समजेचना. समजलं तेव्हा कान तापले. “काकू, काहीतरीच काय! तसलं काही नाहीये.” त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “लाजू नको गं, शरीर आहे.” ते ‘शरीर आहे’ त्यांनी असं काही म्हटलं, की मला तिथेच आंघोळ करावीशी वाटली.

दुसऱ्याच दिवशी होणाऱ्या सासूबाई हजर. वाशीहून रिक्षा करून. पेढे नाहीत, केळी नाहीत, थेट मुद्दा. चहा यायच्या आत म्हणाल्या, “विहीणबाई, आडपडदा नको. मुलीला भगंदर आहे म्हणे?”

बाबांनी पेपर उघडला. सकाळीच वाचून झालेला पेपर. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझ्याकडे पाहिलं, मग चहाच्या कपाकडे पाहिलं, आणि माझ्या जन्मदात्या आईनं सांगितलं, “हो. म्हणजे लहानसंच आहे. सोमवारी काढून टाकतायत.”

मी हबकले. आणि सासूबाईंचा चेहरा चक्क सैल झाला! म्हणाल्या, “एवढंच ना? आमच्या मामेसासऱ्यांना होतं. आता खुशाल लाकडी बाकावर बसतात. मी म्हटलं, आणखी काही भयंकर तर नाही!” मग त्यांनी दोन कप चहा प्यायला, आणि तेल, तिखट, वांगं, बटाटा असं काय काय खायचं नाही ते मला बोटांवर मोजून सांगितलं. पोट साफ होतं का, हेही विचारलं. बाबांसमोर.

त्या गेल्यावर मी आईवर अशी काही तडकले की बस. “तू मला भगंदर दिलंस? स्वतःच्या मुलीला?” आई शांतपणे कप विसळत होती. “भगंदर बरं होतं गो. लोक दोन दिवस हसतात नि विसरतात. हृदयाचं म्हटलं की पोरगी टाकतात. तुला लग्न हवंय ना?”

हवं होतं. तेच तर. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचीही मला आता शिसारी येते. पण सोमवार तोंडावर होता, आणि लोकांना कोणती भोकं कुठे असतात हे शिकवायचं त्राण माझ्यात नव्हतं.

हॉस्पिटलात एका आयाबाईनं माझ्या जांघेवर वस्तरा फिरवला. फिरवताना दुसऱ्या आयाबाईशी कोळंबीच्या भावावरून बोलत होती. मग थंडगार टेबल, डोक्यावर मशीन, बाजूला टीव्हीसारखा पडदा. भूल नुसती जांघेपुरती, बाकी मी टक्क जागी. रंगाचं औषध सोडलं तेव्हा अंगातून अशी गरम लाट गेली की मला वाटलं झालं, आपण टेबलावरच केली! मी रडवेली होऊन तसं सांगितलं. डॉक्टर हसले. “सगळ्यांना वाटतं, काही झालेलं नाही.” पडद्यावर माझ्या नळ्या काळ्या-काळ्या उमटत होत्या, आणि एक जाडजूड वाकडा फाटा, आगाऊपणे भलतीकडेच चाललेला. “हा बघ तुझा चोर.” मग तार आत गेली, वेटोळं झालं, आणखी एक गेली. परत रंग सोडला तर फाटा तिथल्या तिथे थांबलेला. पुढे काही दिसेचना.

इतकं स्वच्छ, इतकं शहाणं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अख्ख्या प्रकरणात किळस न येणारी तेवढीच एक जागा.

नंतर जांघेवर वाळूची पिशवी ठेवून मला पाय सरळ करून पडायला लावलं. हालायचं नाही. त्यामुळे डिस्चार्ज मिळाल्यावर मी चालत होते ती एक पाय फाकवून, हळूहळू. आणि जिन्यात कोण उभं? काकू, आणि त्यांच्या मागे तळमजल्यावरच्या दोघीजणी. त्यांनी माझी चाल पाहिली आणि एकमेकींकडे पाहिलं. झालं. शंका असलीच कुणाला तर तीही फिटली.

त्यानंतर सुरण सुरू झाला. सुरण या कामासाठी उत्तम, हे मला तोवर माहीत नव्हतं. सोसायटीला माहीत होतं. डब्यातून सुरणाची भाजी, वाटीतून सुरणाचे काप, कुणी उकडलेला, कुणी चिंचेतला. एकीची चिंच कमी पडली, तर माझा घसा रात्रभर खाजत राहिला. ताकाच्या बरण्या यायच्या. एरंडेल आलं. एका आजोबांनी लिफाफ्यातून चूर्ण पाठवलं आणि वर ‘गरम पाण्यात बसणे’ असं लिहिलं. शी! म्हणजे तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत प्रत्येक घरात मी कुठल्या पाण्यात कशी बसते याची चर्चा चालली होती. सासूबाईंनी वाशीहून हवेची रबरी रिंग पाठवली, बसायला. आणि काकूंनी त्या रिंगेला क्रोशाचं कव्हर विणलं. गुलाबी. झालर लावून!

त्या कव्हरानं माझं डोकं फिरलं. मी होणाऱ्या नवऱ्याला बेलापूरला बोलावलं आणि टपरीवर सगळं सांगितलं. नळी, फाटा, तार, सगळं. आता बरी आहे, मुलं होऊ शकतात, डॉक्टरांनी तसं सांगितलंय, हेही सांगितलं. तो चहाचा ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, “नीट झालंय ना आता? मग टेन्शन कशाला? फक्त आईला कळू देऊ नकोस. तिच्यासाठी भगंदरच राहू दे.”

मी म्हटलं, “जन्मभर?”

“बरं झालेलं भगंदर,” तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. त्याला खरं माहीत आहे आणि तरी तो लग्न करतोय, या एका गोष्टीवर मी बाकीचं सगळं गिळायला तयार झाले. सुरणासकट.

मग काकूंनी केळवण केलं. लग्न त्यांनी जमवलेलं, म्हणून दोन्हीकडच्यांना एकत्र बोलावलं. त्यांच्या हॉलमध्ये पंगत मांडली. पाटांभोवती रांगोळी, उदबत्त्या. माझ्या पाटावर गुलाबी झालरीची रिंग. सगळ्यांसमोर मला त्या रिंगेवर बसायला लावलं, आणि बसले तशी ती कुईं करून बोलली. तळमजल्यावरची एक जण तोंडाला पदर लावून हसली. सगळ्यांच्या ताटात पुऱ्या, मसालेभात, श्रीखंड. माझ्या ताटात मऊ भात, ताक आणि आईनंच करून आणलेला सुरण. केळवण माझं, आणि श्रीखंड लोकांना!

तो समोरच बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पुरीकडे पाहत होता.

काकू वाढायला आल्या आणि त्यांनी सुरणाचा डाव माझ्या ताटात उपडा केला. “घे गं, लाजू नको. पहिल्या रात्रीच्या आत साफ बरं व्हायला हवं की नाही!” बायका खिदळल्या. सासूबाईही हसल्या. आई ताटाकडे बघत भात कालवत बसली, जो कालवून झाला होता.

मी हात झटकला. “काकू, मला भगंदर नाही. कधीच नव्हतं. माझ्या हृदयाच्या नळीला जन्मापासून एक फाटा होता, त्यालाही डॉक्टर फिस्टुला म्हणतात. जांघेतून तार घालून तो बंद केलाय. मी बरी आहे. आणि हा सुरण मला नको.”

काकूंच्या हातातला डाव तसाच हवेत. सासूबाईंनी आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, जणू लागण झाली. “हृदयाचं?” त्या म्हणाल्या. “अहो, मग आधी नाही का सांगायचं! भगंदर असतं तर चाललं असतं की.”

आई घाईघाईनं म्हणाली, “विहीणबाई, ते बुजलंय आता, डॉक्टर म्हणाले अगदी सगळ्यांसारखी…”

“डॉक्टरांचं काय जातंय? त्यांना कुठे सून आणायचीय?”

मी त्याच्याकडे वळले. आणि लोकांदेखत पहिल्यांदाच म्हटलं, “तू सांग ना. तुला माहीत होतं ना सगळं?”

त्या ‘तू’नं बायका दचकल्या. त्यानं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मला काही सांगितलं नव्हतं हिनं.”

आणि बोटाला लागलेलं श्रीखंड चाटलं.

मी किती वर्षं झाली तरी ते बोट विसरलेले नाही. माणसं खोटं बोलतात, घाबरतात, आईला भितात, ते मला कळतं. पण चाटलं! अजूनही कुणाच्या लग्नात श्रीखंड वाढायला आले की मी ताटावर हात आडवा धरते.

मी उठले. रिंगेनं पुन्हा आवाज काढला, या वेळी चांगला लांबलचक, पण कुणी हसलं नाही. चपला तिथेच राहिल्या. मी जिना चढायला लागले. खालून सासूबाईंचा आवाज येत होता, “फसवलं हो आम्हाला,” आणि काकू कुणाला तरी सांगत होत्या, “मला तर आधीच संशय होता, चालीवरून हृदयाचंच वाटत होतं.” मेली! चालीवरून! मी रडत होते, शिव्या देत होते, टायपिस्ट मुलीला येऊ नयेत अशा. आणि दारापुढे आले तर कुलूप. किल्ली आईच्या कमरेला.

आई मागून येत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबल्याचं ऐकू आलं, माझ्याच पायरीवर. श्वास घेत. मग पुन्हा चढली. बाबा तिच्या मागे. वर येऊन तिनं मला पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मला वाटलं आता सुरू होणार, ठरलेलं लग्न मोडलंस, तोंड आवरता येत नाही, गुपचूप हात धुऊन उठली असतीस तरी चाललं असतं.

ती म्हणाली, “वाटेत बसली नाहीस?”

“नाही.”

“चपलेचा पट्टा…”

“चपला खालीच आहेत आई.”

तिनं किल्ली काढली नाही. हात उचलून माझ्या छातीवर ठेवला, ब्लाऊजच्या वरच्या बाजूला, तान्हेपणी ठेवायची तिथे. जिन्यात उभी राहून ती बराच वेळ हाताला काही लागतंय का ते पाहत राहिली. खालून भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

“थांबलं गो,” ती म्हणाली. आणि तिथेच, कुलूप लावलेल्या दारापुढे, हमसून हमसून रडायला लागली.

मी तिला जवळ घेतलं नाही. राग होता मला तिचा, अजून आहे. पण तिचा हातही बाजूला केला नाही. त्या हाताला सुरणाच्या भाजीचा वास येत होता.